पोलीस प्रमुखाची बदली झाल्यावर मागे काय उरतं? रिचमंड, भिवंडी आणि आपलं सोलापूर

प्रश्न थोडक्यात असा: "मी सोलापूरचाच. पीएसआयच्या परीक्षेची तयारी करतोय. अमेरिकेतल्या रिचमंड शहराचे पोलीस प्रमुख ख्रिस मॅग्नस यांनी लोकांना सोबत घेऊन तिथलं पोलीस खातं बदललं, असं वाचलं. आपल्याकडे आयुक्त दोन वर्षांत बदलून जातात. मग सोलापूरसारख्या शहरात असं काही होऊ शकतं का? आणि खालच्या अधिकाऱ्याच्या हातात त्यातलं किती असतं?"

होऊ शकतं. महाराष्ट्रात झालेलंही आहे, आणि तेही आपल्यासारख्याच यंत्रमागाच्या गावात. पण तुमच्या प्रश्नातलं कळीचं वाक्य "दोन वर्षांत बदलून जातात" हे आहे. सोलापूर शहर आणि ग्रामीण, दोन्हीकडे फौजदारापासून सहायक आयुक्तापर्यंत नोकरी करून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. सुधारणा सुरू होते साहेबांच्या केबिनमध्ये, पण ती जगते बीट अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला एक ठरावीक भाग सांभाळणाऱ्या हवालदार-शिपायाच्या, रोजच्या कामात. तिथवर पोचली नाही तर साहेबांची बदली झाली की तीही संपते.

आधी मॅग्नस यांच्याबद्दल सांगतो. ते मिशिगन राज्यातल्या लॅन्सिंगचे. तिथल्या पोलीस दलात बरीच वर्षं काढून १९९९ मध्ये नॉर्थ डाकोटातल्या फार्गो शहराचे पोलीस प्रमुख झाले आणि २००६ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला आले. फार्गो शांत आणि बहुतेक गोऱ्यांचं शहर. रिचमंड लाखभर वस्तीचं, तेलशुद्धीकरण कारखान्याचं, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांचं, आणि बंदुकांनी बेजार झालेलं. २००७ मध्ये तिथे ४७ खून झाले. आकडा लहान वाटेल, पण सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख होती. त्या प्रमाणात हिशोब केला तर आपल्या शहरात वर्षाला चारशेवर खून पडले असते. २०१४ मध्ये रिचमंडचा हा आकडा ११ वर आला.

मॅग्नस आले तेव्हा तिथे "स्ट्रीट टीम" म्हणून पथकं होती. गुन्हेगारीची वस्ती म्हटली की तिथे जायचं, कोपऱ्यावर उभी असलेली पोरं धरायची, झडत्या घ्यायच्या. त्यातून चार गुन्हेगार सापडत, पण अख्खी वस्ती पोलिसांच्या विरोधात जाई, आणि मग खुनाला साक्षीदार मिळत नसे. मॅग्नस यांनी ती पथकं मोडली. एकेका अधिकाऱ्याला ठरावीक भाग दिला आणि तिथे बराच काळ ठेवला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्या अधिकाऱ्याचं काम कशावर मोजायचं तेच बदललं. किती अटका केल्या एवढंच न बघता, भागातले लोक त्याला ओळखतात का, तिथली कोणती अडचण त्याने मार्गी लावली, हे बघायला सुरुवात केली. खात्यातून विरोध झालाच. काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी भेदभावाचा आरोप करून कोर्टात खेचलं. २०१२ मध्ये ज्युरीने निकाल मॅग्नस यांच्या बाजूने दिला.

सगळं श्रेय एका माणसाला देऊ नका, हेही सांगून ठेवतो. २००७ मध्ये रिचमंड शहराने पोलिसांपासून वेगळं एक कार्यालय काढलं होतं. गोळीबारात सापडण्याची किंवा तो करण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेली मोजकी तरुण मुलं हेरायची, त्यांच्यामागे लागून त्यांना शिक्षणाकडे, नोकरीकडे वळवायचं, हे त्याचं काम. ते पोलिसांनी केलंच नाही, आणि म्हणूनच ती मुलं त्या लोकांशी बोलली. मॅग्नस मात्र रिचमंडमध्ये दहा वर्षं राहिले. २०१६ ला टक्सन शहराचे पोलीस प्रमुख म्हणून गेले, पुढे डिसेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ देशाच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याचे प्रमुख होते. दहा वर्षं एका शहरात, ही गोष्ट आपल्याकडे कुणाच्याच नशिबी नाही.

आता आपला कायदा बघा. तुम्ही परीक्षेसाठी वाचलाच असेल, पण या बाजूने वाचला नसेल. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला आणि प्रमुख पदांवरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कालावधी द्या, असं सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. तिच्यानुसार उपअधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्याचा एका जागेवरचा सर्वसाधारण कालावधी दोन वर्षं. फौजदार, सहायक निरीक्षक, निरीक्षक यांचाही एका ठाण्यात दोन वर्षंच. पोलीस शिपाई ते हवालदार यांचा मात्र पाच वर्षं. म्हणजे साहेब दोनदा बदलतात तरी अंमलदार त्याच ठाण्यात असतो. शहर कोणाला ओळखतं आणि कोण शहराला ओळखतं, हे या एका कलमातून कळतं. जो प्रमुख हे समजून काम करतो त्याचं काम उरतं.

हे सगळ्यांत स्वच्छ ज्यांनी ओळखलं ते पोलीस अधिकारी सुरेश खोपडे. भिवंडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सोलापूरला रिचमंडपेक्षा भिवंडी शंभर पटीने जवळची आहे. तिथेही यंत्रमाग, तिथेही पद्मशाली समाज मोठा, तिथेही मुस्लीम विणकर, तिथेही बाहेरून पोटासाठी आलेला मजूर. आपल्या पूर्व भागातली कितीतरी घरं अशी आहेत ज्यांचा एक भाऊ सोलापुरात आणि दुसरा भिवंडीत माग चालवतो. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडीत दंगल झाली. न्यायमूर्ती मादोन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा भिवंडी पेटली आणि ती आग ठाण्या-मुंबईपर्यंत गेली. अशा गावात १९८८ साली खोपडे उपायुक्त म्हणून आले.

दंगलीचा इतिहास असलेल्या गावात नवा अधिकारी सहसा काय करतो? जादा कुमक मागवतो, पथसंचलन काढतो, शांतता समितीची बैठक घेतो. ही शांतता समिती म्हणजे आजी-माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, दोन-चार प्रतिष्ठित. बैठकीत सगळे एकतेवर बोलतात, चहा होतो, फोटो निघतो. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरवायला ही समिती उपयोगाची आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण दंगल जिथे सुरू होते त्या बोळातलं तिथे कुणीच नसतं. काही सदस्यांचं वजन तर तणाव असला तरच वाढतं.

खोपडे यांनी मोहल्ला समित्या केल्या त्या याच्या उलट्या बाजूने. मोहल्ल्यागणिक एक, अशा सत्तरच्या आसपास. हिंदू आणि मुसलमान दोन्हीकडचे लोक सारख्या संख्येने. पुढारी नकोत, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे तर नकोतच. माग चालवणारा, किराणा दुकानदार, डॉक्टर, हातगाडीवाला, घरातल्या बायका, असे रोज एकमेकांसमोर येणारे लोक हवेत. बैठकीची जबाबदारी कुणावर? त्या बीटच्या हवालदारावर, शिपायावर. बाहेरच्याला ही बारीकशी गोष्ट वाटेल. पण आमच्या खात्यात ज्याला आयुष्यभर फक्त "उभा राहा" एवढाच हुकूम मिळतो, त्या माणसाला पन्नास नागरिकांसमोर खुर्चीवर बसवून "हा प्रश्न तुम्ही सोडवा" म्हणणं ही फार मोठी उलथापालथ आहे. आणि बैठकीचा विषय हिंदू-मुस्लीम ऐक्य हा नसे. गटार तुंबलंय, रस्त्यावर माल टाकलाय, पोरं छेड काढतात, नवराबायकोची भांडणं, असे विषय. दोन्ही समाजांची माणसं अशा कारणांसाठी वारंवार एकत्र बसली की अफवा आल्यावर फोन कुणाला करायचा हे त्यांना आधीच माहीत असतं.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. भिवंडी, जिच्याकडे सगळं राज्य धास्तीने बघत होतं, ती शांत राहिली. पुढे मुंबईत सतीश साहनी आयुक्त असताना माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारख्या मंडळींनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली. तिचा साचा वेगळा होता, नागरिकांचा पुढाकार त्यात जास्त होता, पण दिशा तीच.

आणि आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी भाषणांत सांगितली जात नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. गोळीबारात दोन माणसं गेली आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. जागेचा वाद म्हणजे मोहल्ला समितीच्या बैठकीत चार महिने आधी यायला हवा असा अगदी नेमका विषय. पण तोवर समित्यांचा जीव गेला होता. अधिकारी बदलत गेले, बैठका सणापुरत्या उरल्या, खुर्चीवर पुन्हा पुढारी आले. मी हा प्रसंग नव्या फौजदारांना नेहमी सांगत असे. भिवंडीने १९९२ मध्ये काय साधलं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच २००६ मध्ये काय उरलं नव्हतं हेही.

सोलापूरला हा सगळा विचार लावताना आपल्या शहराचं जुनं ओझंही ध्यानात घ्यावं लागतं. १९३० च्या मे महिन्यात गोळीबारानंतर शहर उसळलं, मंगळवार पेठेत दोन पोलीस मारले गेले, पोलीस शहर सोडून गेले आणि काही दिवस गावाचा कारभार लोकांनी सांभाळला. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा चौकातून रोज जाणारा सोलापूरकर ही गोष्ट विसरलेला नाही. चौघांची नावं वाचा. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. हे शहर एकत्र कसं उभं राहतं ते त्यातून दिसतं, आणि वर्दीकडे हे शहर कोणत्या नजरेने बघत आलंय तेही.

दुसरं ओझं सेटलमेंटचं. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांच्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. पण घरफोडी झाली की पहिली गाडी कुठे वळते, हा प्रश्न कायद्याबरोबर रद्द झाला नाही. त्या वस्त्यांतून शिक्षक, वकील, खेळाडू, पोलीससुद्धा तयार झालेत, आणि तरीही तिथल्या पोराला रात्री अडवून आडनाव विचारलं की पुढचे प्रश्न बदलतात. रिचमंडच्या स्ट्रीट टीमबद्दल वाचताना मला हेच आठवत होतं. कोणत्याही आयुक्ताला सोलापुरात विश्वास कमवायचा असेल तर सुरुवात या वस्त्यांपासून करावी लागेल, असं मी ठामपणे म्हणतो.

विश्वास प्रत्यक्षात कसा दिसतो, त्याचं एक उदाहरण देतो. मी पूर्व भागात असताना आमच्याकडे एक हवालदार होते. आई-वडील यंत्रमाग कामगार, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि गरज पडेल तशी दखनी. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. पाण्याचा दिवस कोणता आणि वेळ कोणती यावर इथल्या बायकांची झोप ठरते. एका बोळात दर पाण्याला भांडण होई. एका बाजूच्या घरांनी नळाला मोटारी लावल्या की पुढच्या घरांना थेंब मिळेना. दोन्ही बाजूंचे धर्म वेगळे. त्यामुळे नळाच्या भांडणातली शिवी बघता बघता दुसऱ्याच जागी जाऊन बसे. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारी, दाखल होत, दोन्हीकडच्यांवर प्रतिबंधक कारवाई होई, आणि पुढच्या पाण्याला पुन्हा तेच.

या हवालदारांनी केलं काय, तर पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा नंबर घेतला. पाणी यायच्या अर्धा तास आधी रात्री बोळात जाऊन उभे राहिले. काठी नाही, बरोबर कुणी नाही. म्हातारीला "अक्का", पलीकडच्या बाईंना "खालाजान" म्हणत घरोघरी जाऊन म्हणाले, पहिला तासभर कुणीच मोटार लावायची नाही, मग हंडे भरून झाले की लावा. एकाने ऐकलं नाही. त्याच्या दारात ते तासभर बसून राहिले, बोलत राहिले, त्याच्या मुलाच्या दहावीची चौकशी केली. पुढच्या दोन-तीन पाण्यांनाही ते तसेच गेले. मग जायची गरज पडेना. चावीवाल्यालाच लोक वेळेचं विचारू लागले, आणि दोन्हीकडच्या बायकांनी आपसात क्रम ठरवला. पुढे एका सणाच्या काळात मोबाइलवर कसलातरी खोटा व्हिडिओ फिरला तेव्हा त्या बोळातून पहिला फोन या हवालदारांना आला, आणि तो ज्या बाईने केला ती नळाच्या भांडणात सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी होती.

आता सांगा, हे काम कुठल्या रकान्यात बसतं? दर महिन्याच्या क्राइम मीटिंगला आम्ही आकडे घेऊन जायचो. दारूच्या केसेस किती, जुगाराच्या किती, प्रतिबंधक कारवाया किती, समन्स-वॉरंट किती बजावले, मुद्देमाल किती निर्गत केला, प्रलंबित गुन्हे किती. हे सगळं आवश्यक आहे. पण त्या बोळात आधी ज्या प्रतिबंधक कारवाया होत होत्या त्या आकड्यात दिसायच्या, आणि भांडणच थांबलं तेव्हा आकडा कमी झाला. म्हणजे कागदावर त्या बीटचं काम घटलं. मॅग्नस यांनी मोजमाप बदललं ते का, हे तुम्हाला इथे कळेल. आपल्याकडचा आयुक्त दहा वर्षं राहू शकत नाही, पण मासिक बैठकीतला प्रश्न तो पहिल्याच महिन्यात बदलू शकतो. "तुझ्या बीटमधले वारंवार येणारे तीन वाद कोणते, आणि त्यांचं या महिन्यात काय झालं?" हा एक प्रश्न प्रत्येक बीट अंमलदाराला, नाव घेऊन, दर महिन्याला विचारला गेला आणि त्याचं उत्तर त्याच्या कामाच्या वार्षिक गोपनीय अहवालात उमटलं, तर ठाण्याचं वागणं बदलतं. हे मी एका आयुक्तांच्या काळात थोडंफार घडताना बघितलंय.

सोलापूर ग्रामीणचं "ऑपरेशन परिवर्तन" तुम्ही ऐकलं असेल. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना ते सुरू झालं. शहराच्या वेशीवरच्या मुळेगाव तांड्यासह जिल्ह्यातल्या अनेक तांड्यांवर हातभट्टीची दारू गाळली जायची आणि ती शहरातही यायची. वर्षानुवर्षं पोलिसांचं काम एकच. पहाटे छापा टाकायचा, गूळमिश्रित रसायनाची बॅरलं फोडायची, भट्टी मोडायची, गुन्हा दाखल करायचा. आठवड्याने भट्टी पुन्हा पेटलेली. त्या कारवायांचे आकडे उत्तम दिसायचे. परिवर्तनमध्ये छापे थांबले नाहीत, हे लक्षात ठेवा, नाहीतर लोक समजतात की लोकाभिमुख पोलिसिंग म्हणजे कायदा गुंडाळून ठेवणं. छापे चालूच राहिले, पण त्याबरोबर एकेका अधिकाऱ्याने एकेक गाव दत्तक घेतलं. तांड्यावर पुन्हा पुन्हा जाऊन घरोघरी बसायचं, दारू सोडली तर पोट कशावर भरणार हे विचारायचं, आणि त्याचं उत्तर शोधायचं. बायकांना शिवणकाम, तरुणांना नोकरीचे मेळावे, पोलीस भरतीची तयारी, सरकारी योजनांचे कागद. सोलापुरात गणवेश आणि तयार कपड्यांचा मोठा धंदा आहे, त्यामुळे शिवणकाम ही नुसती दाखवायची गोष्ट नव्हती. हाताला काम मिळण्याची खरी शक्यता होती.

मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की ज्या अंमलदाराने भट्टी फोडली त्यालाच त्या घरात परत जायचं होतं. एकदा त्या घरातल्या मुलीच्या शाळेची फी माहीत झाली की छाप्यातली भाषा बदलते. कायदा तोच राहतो, पण "ए" चा "अहो" होतो. मात्र भिवंडीचा धडा इथेही लागू आहे. २०२२ मध्ये अधीक्षकांची बदली झाली. अशा कामाचा कस अधिकारी गेल्यानंतरच लागतो. दत्तक गाव हे नव्या अधिकाऱ्याला पदभाराबरोबर लेखी मिळालं पाहिजे, नाहीतर नव्या माणसाला ते आधीच्याचं खासगी प्रेमप्रकरण वाटतं.

लोकांना सोबत घ्या असं म्हणताना कोणते लोक, हेही बघावं लागतं. आपल्या शहरात विडी वळणाऱ्या हजारो बायका आहेत. संध्याकाळी सहाला ठाण्याच्या आवारात बैठक ठेवली तर त्या येऊच शकत नाहीत. मग बैठकीला येतात ते नेहमीचेच मोकळे पुरुष. आम्ही काही वेळा उलटं केलं. त्या विड्या जमा करायला कारखान्यात येतात, तिथेच रांगेजवळ महिला अंमलदाराला बसवलं. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. नंतर जे बाहेर आलं त्यात सावकारीचे विषय फार होते. आठवड्याची वसुली, दारात येऊन अपमान, घरातली भांडी उचलून नेणं. यातलं एकही ठाण्यात आलेलं नव्हतं, आणि शांतता समितीत तर कधीच येणार नव्हतं. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम आहे, बेकायदा सावकारी हा गुन्हा आहे, पण तक्रार करायला बाईने दिवसाची मजुरी बुडवायची आणि सगळ्यांसमोर ठाण्याची पायरी चढायची, हे आपण गृहीत धरून बसलेलो असतो.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला मनापासून चीड आहे. पोलीस शिपायाला माणसासारखं वागवल्याशिवाय तो लोकांना माणसासारखं वागवेल, ही अपेक्षा फोल आहे. सोलापूरचं वर्ष बघा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, सात नंदीध्वजांची मिरवणूक. मग शिवजयंती, आंबेडकर जयंती, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, गणपती, नवरात्र, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारा लोंढा, मध्येच मोहरम, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. प्रत्येक बंदोबस्तात तीच माणसं. बारा-चौदा तास उभं राहून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी नळाच्या भांडणात तासभर दारात बसेल का? २०१६ मध्ये मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांत गेला. त्याची योजना मांडली होती त्याच ठाण्यातल्या एका अंमलदाराने, आणि आयुक्तांनी ती ऐकून घेतली. मोठा पोलीस प्रमुख कोण, याचं माझं उत्तर हेच. खालच्या माणसाकडे उपाय असतो हे ज्याला ठाऊक असतं तो.

सोलापुरात शहर आयुक्तालयाची सात ठाणी आहेत: फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, एमआयडीसी, सलगर वस्ती. प्रत्येकाचा हद्दीचा स्वभाव वेगळा. जोडभावी पेठेत चालणारी गोष्ट विजापूर नाक्याच्या नव्या कॉलन्यांत चालत नाही. तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, तिथला प्रश्न बंद घरांचा आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा. त्यामुळे आयुक्तांनी एकच योजना, एकच नाव, एकच बोधचिन्ह करून सातही ठिकाणी लावली की समजावं, ती वर्तमानपत्रासाठी आहे. दिशा वरून यावी, तपशील बीटवर ठरावा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, खालच्या अधिकाऱ्याच्या हातात किती. फौजदार म्हणून तुम्हाला एका ठाण्यात दोन वर्षं मिळतील. आयुक्त कसे आहेत यावर तुमचं फारसं चालणार नाही, पण पुढची काही कामं कुणाच्याही परवानगीशिवाय करता येतात. हजर झाल्यावर पहिल्या आठवड्यात मागच्या वर्षभराच्या एनसी काढून वाचा. आता त्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली येतात, पूर्वी १५५ होतं. तीच तीच नावं, तोच पत्ता, तीच भिंत किंवा तोच नळ पुन्हा पुन्हा दिसेल. उद्याचा खुनाचा प्रयत्न बऱ्याचदा तिथे आज अदखलपात्र म्हणून पडलेला असतो. ती यादी घेऊन बीट अंमलदाराबरोबर चालत जा, गाडीतून नको. त्याला पुढे बोलू द्या, तुम्ही मागे उभे राहा. लोकांना कळलं पाहिजे की हा आमचा माणूस आहे आणि साहेब त्याला मानतात.

ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ रोज थोडा वेळ नुसते बसा. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला पहिलं वाक्य काय ऐकायला मिळतं, त्यावरून शहराचं पोलिसांबद्दलचं मत बनतं. बसायला खुर्ची आणि "काय झालं?" एवढं विचारणं, यासाठी निधी लागत नाही. तेलुगू किंवा कन्नड यातली एक भाषा कामापुरती शिका. सोलापूरचे असाल तर कानावर असेलच, ती जिभेवर आणा.

आणि एक साधी जाड वही घाला, सरकारी नमुन्याची नको. बीटमधला प्रत्येक जुना वाद, त्यात कोण कुणाचं ऐकतं, कुणाच्या शब्दाला किंमत आहे, आतापर्यंत काय केलं आणि काय चाललं नाही. खबऱ्यांची नावं त्यात कधीच लिहू नका, आणि कुणाच्या घरातली अब्रूची गोष्टही नको. वही हातोहात जाते हे धरून चाला. बदलीचा आदेश आला की नव्या फौजदाराला चार्ज देताना पिस्तूल आणि मुद्देमालाच्या यादीबरोबर ही वही द्या, आणि अर्धा दिवस काढून त्याला त्या बोळांतून एकदा फिरवून आणा.